उंटाने चाकाला हरवलं तेव्हा

ईदच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. शिरखुर्मा संपला तसा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसला. खेळ असा, की निर्जन प्रदेशात एकट्याने तग धरायचा. लाकूड तोडायचं, दगड गोळा करायचे, घर बांधायचं. पण पाठीवर न्यायचं ओझं ठराविकच. काही दिवसांनी गाढव पाळता येतं, त्याच्यावर जास्त माल लादता येतो. आणखी वरच्या पायरीवर गेलं की चाकाची गाडी मिळते. "मामू, गाडी मिळाली की आपण पुढे गेलो," तो म्हणाला.

खेळापुरतं ठीक आहे. पण हीच शिडी आपल्या डोक्यातही पक्की बसली आहे. आधी माणसाची पाठ, मग जनावराची पाठ, मग चाक. ज्याच्याकडे चाक नाही तो मागास. आणि ज्याने हातात असलेलं चाक सोडून दिलं, त्याला तर काय म्हणावं?

असं खरोखर घडलं आहे, आणि ते मुस्लिम जगाच्या नावावर मांडलं गेलं आहे. व्होल्ने नावाचा फ्रेंच प्रवासी 1780 च्या दशकात सीरियात फिरला. अख्ख्या सीरियात त्याला एकही गाडी दिसली नाही. सरकारी माणसं गाडी हिसकावून नेतील या भीतीने लोक ती ठेवत नसावेत, असा तर्क त्याने केला. पुढे अशा निरीक्षणांतून जुलमी राजवट, आळशी समाज, थांबलेला धर्म असे निष्कर्ष काढणं सोपं झालं. ज्या प्रदेशात पाच हजार वर्षांपूर्वी चाकाच्या गाड्या होत्या, जिथे ॲसिरियन राजांचे रथ धावले, रोमन लोकांनी फरसबंदी रस्ते बांधले, तिथेच चाक गेलं कुठे?

रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने 1975 साली 'द कॅमल अँड द व्हील' या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर शोधलं. त्याचं उत्तर धर्मात नाही, हिशेबात आहे.

रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 301 मध्ये वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवून दिले. त्यात वाहतुकीचेही दर आहेत. 1200 रोमन पौंड माल गाडीने न्यायचा तर मैलाला 20 दिनारियस. 600 पौंड माल उंटावरून न्यायचा तर मैलाला 8. म्हणजे तेवढाच 1200 पौंड माल दोन उंटांवरून 16 दिनारियसमध्ये जातो. वीस टक्के स्वस्त! हे दर लिहिले गेले तेव्हा इस्लामचा उदय व्हायला तीनशे वर्षं बाकी होती.

स्वस्त का, हे कोणताही गाडीवान सांगेल. गाडीला लाकूड लागतं, आणि त्या भागात चांगलं लाकूड दुर्मीळ. गाडीला रस्ता लागतो, पूल लागतो, सुतार लागतो. उंटाला यातलं काहीच लागत नाही. तो काटेरी झुडपांवर जगतो, वाळूत रुतत नाही, नदीला उतार असला की पार होतो. एकामागे एक बांधले की एक माणूस चार-पाच उंट सहज नेतो. यात खोगिराचाही मोठा वाटा होता. उत्तर अरबस्तानातल्या लोकांनी मदारीवर बसणारी लाकडी चौकट तयार केली. ओझ्याचा भार मदारीवर न पडता दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर विभागला गेला. त्याच खोगिरावर बसून नीट लढताही येऊ लागलं. उंट पाळणाऱ्यांचं बळ वाढलं आणि व्यापारातला त्यांचा हिस्साही. बुलिएटच्या मते इ.स. तिसऱ्या ते सातव्या शतकाच्या दरम्यान तिथून गाड्या नाहीशा होत गेल्या. मुस्लिम राजवट आली तेव्हा हा बदल बहुतांशी घडून गेला होता.

याची खूण जुन्या शहरांत आजही दिसते. अरुंद, वळणदार गल्ल्यांना लोक 'नियोजन नसलेली वस्ती' म्हणतात. पण जिथे गाडीच जायची नाही तिथे रुंद सरळ रस्ता कशाला? रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात जागा सोडावी, अशी हदीस आहे. समोरासमोर आलेले दोन लादलेले उंट एकमेकांना ओलांडतील, असा या मापाचा अर्थ नगररचनेचे अभ्यासक लावतात. म्हणजे तिथे माप होतंच. फक्त ते चाकाचं नव्हतं.

आता आपल्याकडे या. भारतात बैलगाडी कधीच गेली नाही. तरी लांबवरचं धान्य आणि मीठ मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जायचं. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्य स्वस्त ठेवलं ते अशाच कारवानवाल्यांना यमुनेकाठी कुटुंबासह वसवून. चिराग-ए-दिल्ली शेख नसीरुद्दीन यांच्या संभाषणांच्या संग्रहात या नायकांचा उल्लेख आहे: कुणाचे दहा हजार बैल, कुणाचे वीस हजार. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 मध्ये चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. हेच आपले बंजारे. दख्खनमध्ये मुघल फौजा लढल्या, मराठे लढले, इंग्रज लढले. त्यांच्या छावण्यांत धान्य पोचवणारे तांडे हेच.

बैल पाठीवर साधारण दीडशे किलो नेई, चाल मंद. पण वाटेतल्या गवतावर पोट भरी, म्हणून चाऱ्याचा खर्च जवळजवळ नाही. आणि सह्याद्रीचे घाट गाडीला कुठे जुमानायचे? बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. तांड्यांचा धंदा काही दशकांत बसला.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं. ज्यांनी शतकानुशतके देश जगवला, त्या बंजाऱ्यांवरच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पडली. फिरणारा माणूस म्हणजे संशयित! कायदा 1952 मध्ये गेला, पण शिक्का लगेच पुसला जात नाही.

उंटवाला असो की तांडेवाला, दोघांनीही हिशेब चोख केला होता. हिशेबाचा काळ बदलला, रस्ते सरकारने बांधले, रूळ कंपन्यांनी टाकले. मग मागासपणाचा ठपका मात्र ज्याचं जनावर हरलं त्याच्यावर का? कुठल्याही समाजाच्या मागासलेपणाचं कारण त्याच्या धर्मात किंवा जातीत शोधण्याआधी, त्याच्या वाटेत काय आलं आणि कुणी आणलं, एवढं तरी विचारायला हवं.

भाच्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मामू, या खेळात उंटच नाही."