आप्तवचन आणि लघुलहरी : चारोटी परिसरातील पहिल्या रेडिओसंचाच्या निमित्ताने

आपल्याकडे रेडिओचा इतिहास बहुधा करमणुकीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला, विविध भारती ही त्याची ठरलेली प्रकरणे. संकटकाळातील रेडिओचा इतिहास मात्र विखुरलेला आहे आणि तो आठवण्याचे निकडीचे कारण आज पालघर जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. चारोटीच्या उत्तरेकडील धुंदलवाडीचा परिसर तिच्या केंद्रस्थानी होता. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना एक चिमुरडी दगावली. त्या काळात अनेक कुटुंबांनी रात्री तंबूंत काढल्या. अशा मुलखात वीज आणि मोबाइलचे मनोरे एकदम बंद पडले तर खरी बातमी कोठून मिळणार? आणीबाणीसाठी घरात पहिला शॉर्टवेव्ह संच घ्यायचा तर तो कोणता, हा प्रश्न वरवर दुकानातला वाटतो. मुळात तो आप्तवचनाचा, म्हणजे कोणाच्या शब्दावर विसंबावे याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर मुंबईने 1942 साली दिले. 9 ऑगस्टला नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. 27 ऑगस्टला काँग्रेस रेडिओचे पहिले गुप्त प्रक्षेपण 42.34 मीटरवर ऐकू आले. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी जागा बदलत हे केंद्र चालवीत होते. राममनोहर लोहियांचे त्यांना मार्गदर्शन होते. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची छापता न येणारी हकीकत या केंद्राने लोकांपर्यंत नेली. 12 नोव्हेंबरला छापा पडला आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

या मंडळींनी लघुलहरी निवडल्या, त्यामागे शास्त्र आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो-हजारो किलोमीटरांवर उतरतात. त्यामुळे तुलनेने लहान यंत्राचाही आवाज दूर जातो. परंतु या गुणाला एक उलट बाजू आहे. भूपृष्ठालगतची लहर लवकर विरते आणि परावर्तित लहर दूर जाऊन उतरते. या दोहोंच्या मध्ये निःशब्द पट्टा राहतो. म्हणूनच हजार मैलांवरचे केंद्र स्पष्ट ऐकू येते आणि शंभर मैलांवरचे मुळीच येत नाही, असा अनुभव येऊ शकतो. संच निवडताना हे विसरून चालत नाही.

तो आवाज ऐकणारे कोण होते, हेही पाहिले पाहिजे. वाल्व्हचा संच महाग, त्याला वीज किंवा जड बॅटरी लागे, शिवाय परवाना लागे. डहाणूच्या वारली पाड्यांपर्यंत हे काही पोहोचलेले नव्हते. तेथे निरोप तोंडी फिरत. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला गोदावरी परुळेकर येणार आहेत, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरवण्यात आला. हजारो वारली जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. रेडिओ असता तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण निरोप ताडून पाहण्याचे दुसरे साधन नसले म्हणजे काय होते, हे तलवाडा सांगतो. पाऊण शतकाने हातोहाती फोन आले, तरी 16 एप्रिल 2020 रोजी याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरलेल्या असताना, जमावाने तिघांचा जीव घेतला. साधन आले, पण ताडून पाहणे आले नाही.

तलासरीच्या पलीकडे दादरा-नगर हवेली आहे. ती 1954 मध्ये पोर्तुगीज अंमलातून सुटली. गोव्याला 1961 पर्यंत थांबावे लागले. त्या प्रतीक्षेच्या काळात, नोव्हेंबर 1955 पासून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या रानातून गोमंतकीयांसाठी पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांत गुप्त केंद्र चालवले. ते सहा वर्षे टिकले. ठरल्या वेळी आवाज येतो, हा अनुभव पुन्हापुन्हा आल्यावरच श्रोता त्यावर विसंबतो. विश्वास संकटात निर्माण होत नाही; तो आधीच्या सवयीतून आलेला असतो.

आता संचाकडे वळू. पहिली कसोटी अशी की तो बाजारात सहज मिळणाऱ्या सेलवर चालावा. हाताने फिरवायचा दांडा किंवा सौरपट्टी ही जोड म्हणून ठीक, एकमेव आधार म्हणून नव्हे. सेल संचाबाहेर ठेवावेत. आत राहिले तर पाझरून यंत्र खराब करतात. दुसरी कसोटी, केवळ शॉर्टवेव्हचा संच घेऊ नये. मध्यमलहरी दिवसाही जमिनीलगत दूरवर जातात आणि एफएमइतक्या डोंगराने अडत नाहीत. महालक्ष्मीच्या डोंगराआडच्या पाड्यांना हा फरक महत्त्वाचा आहे. तिसरी, आकड्यांत कंप्रता दाखवणारा संच नवशिक्याला सोयीचा, कारण केंद्र नेमके पुन्हा सापडते. चौथी, हौशी रेडिओचालकांचे 7 मेगाहर्ट्झजवळचे संभाषण ऐकायचे असेल तर एसएसबीची सोय हवी. नुसत्या बातम्यांसाठी ती अनावश्यक. बाहेर ताणलेली आठ-दहा मीटर तार पुष्कळदा महागड्या संचापेक्षा अधिक काम करते, मात्र विजा कडाडत असताना ती काढून ठेवावी. दिवसा 13 ते 19 मीटरचे पट्टे आणि रात्री 31 ते 49 मीटरचे पट्टे सामान्यतः चांगले ऐकू येतात.

लघुलहरींवरून आता ऐकावयास मिळते तेही कमी झाले आहे. बीबीसीची मराठी नभोवाणी सेवा 1958 सालीच थांबली. हिंदी सेवेचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण 31 जानेवारी 2020 रोजी संपले. त्यामुळे जवळच्या सूचनेसाठी मध्यमलहरी व एफएम आणि जवळचे सर्व काही बंद पडले तर बाहेरचे जग कळावे म्हणून शॉर्टवेव्ह, हीच व्यवहार्य विभागणी होय. शॉर्टवेव्ह हा दुसरा कान आहे. ऐकलेले ताडून पाहण्यासाठी तो हवा. संच आणल्यावर आठवड्यातून एकदा ठराविक वेळी लावावा, सापडलेली केंद्रे व त्यांच्या वेळा वहीत लिहाव्यात आणि हे घरातील मुलांकडून करून घ्यावे. धक्का बसल्यावर अंधारात तबकडी शोधणाऱ्या हाताला ती आधीच ओळखीची असली पाहिजे.