एकही कमावता नसलेल्या घरांची मोजदाद

बेकार माणसे आणि बेकार घरे यांची गणती एकच नव्हे, हे ब्रिटनमध्ये आकड्यांनिशी स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, जरी घर हे एकक तेथे जुनेच होते. सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरातील ११,५६० कुटुंबांची पाहणी केली आणि 'प्राथमिक दारिद्र्य', म्हणजे सारी मिळकत काटकसरीने खर्चूनही शरीर टिकवण्यापुरत्या गरजा न भागण्याची अवस्था, कारणांनुसार विभागून दाखवली. त्यात कर्ता बेकार असल्याने दरिद्री झालेले २.३१ टक्के, तर कर्त्याला नियमित काम असूनही मजुरी तोकडी असलेले ५१.९६ टक्के निघाले.

पुढे १९३१ मध्ये आलेल्या 'मीन्स टेस्ट'ने, म्हणजे विम्याचा हक्क संपलेल्या बेकाराच्या ऐपतीच्या चौकशीने, या एककाला झडतीची कळा आणली. भत्ता ठरवताना कमावत्या मुलाची मजुरीही बापाच्या खात्यात धरली जाई, त्यामुळे मुले घर सोडून इतरत्र बिऱ्हाड करू लागली. १९४१ मध्ये ही घरगुती चाचणी रद्द झाली, पण तिची कटुता कामगार वस्त्यांत दीर्घकाळ टिकली.

संख्याशास्त्राच्या अंगाने घर परतले ते १९७३ मध्ये सुरू झालेल्या श्रमबल पाहणीमुळे, कारण तीत एका घरातील सर्वांची नोंद एकत्र होते. तिच्या आधारे पॉल ग्रेग आणि जोनाथन वड्सवर्थ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक साधी पण भेदक तुलना मांडली. दहांपैकी तीन प्रौढांना काम नसेल आणि कामे यदृच्छेने वाटली गेली असतील, तर एकट्या प्रौढाच्या घरांपैकी ३० टक्के, पण दोन प्रौढांच्या घरांपैकी केवळ ९ टक्के घरे बिनकामाची असायला हवीत. प्रत्यक्षातील प्रमाण अशा अपेक्षित प्रमाणाहून जितके अधिक, तितके कामाचे 'ध्रुवीकरण', म्हणजे काही घरांत दोन पगार आणि काहींत एकही नाही. एकट्या प्रौढांची घरे वाढली हे खरेच, परंतु तेवढ्याने बिनकामाच्या घरांची वाढ उलगडत नव्हती.

म्हणून हे माप रोजगाराच्या वाटपाविषयी बोलते. मिळकतीविषयी त्याला फारसे सांगता येत नाही. तरीही २०१६ च्या कल्याण सुधारणा व काम कायद्याने बालदारिद्र्याची मिळकतीवर आधारलेली उद्दिष्टे काढून टाकली आणि बिनकामाच्या घरांत वाढणाऱ्या मुलांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक केले; राउंट्रींच्या तक्त्यातील निम्म्याहून अधिक दरिद्री माणसे या नव्या मापात दरिद्री म्हणून दिसलीच नसती.