टोपीकरांची टोपी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या कल्याणच्या घरात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तीत पितळी समया असतात, आजीची जरीची कुंची असते, आणि अगदी तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक राखी रंगाची फेल्ट हॅट असते. ही हॅट आज घरातल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. तरी तिला तासभर वारा द्यायचा, तिच्यावरून मऊ ब्रश फिरवायचा, कडुलिंबाचा जुना पाला काढून नवा घालायचा आणि तिला पुन्हा निजवायची, हा आमच्या घरचा कुळाचार. तो माझ्याकडे आहे. का, ते पुढे येईलच.

मी पडलो शाळामास्तर. ब्रश फिरवता फिरवता मनात धडा सुरू होतो. परवा मुलाने विचारले, “बाबा, टोपीला कसला इतिहास?” मी म्हटले, “बैस, सांगतो.” त्याला जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या पूर्वजांनी समुद्रावरून आलेल्या गोऱ्या लोकांना एक नेमके नाव दिले होते, ‘टोपीकर’. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासिस या साऱ्यांची मोट या एकाच शब्दाने बांधली आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नये, असा इशाराही तिथे आहे. रंग, भाषा, धर्म यांतले काहीही उचलता आले असते, पण पंतांच्या काळाने डोक्यावरची वस्तू उचलली. पागोटे बांधतो तो आपला, टोपी घालतो तो परका.

हा इशारा किती खरा होता, ते आमच्या ठाण्याला विचारावे. ठाणे आधी पोर्तुगीज टोपीकरांचे. 1737 साली मराठ्यांनी ते घेतले, आणि दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसईही सर केली. पण 1774 च्या डिसेंबरात इंग्रज टोपीकर आले आणि ठाण्याचा किल्ला त्यांच्या हाती गेला तो गेलाच. याच किल्ल्यात त्यांनी गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला कोंडले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, म्हणजे फितुरीची भीती नको. पुढची गोष्ट बिशप हेबर यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदवली आहे. एका साहेबाचा मराठा मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणी म्हणे. त्या गाण्यांतच पळून जाण्याचा सारा बेत गुंफलेला होता. टोपीकर शिपायांना मराठी कुठली समजायला? 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी पसार झाला. आज त्या किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तलावपाळीवर भेळ खाणाऱ्या मंडळींना याची आठवण असतेच असे नाही.

मग परक्याची टोपी आपल्या माणसाच्या डोक्यावर आली कशी? माझे उत्तर असे, की ती आगगाडीने आली. 1853 च्या 16 एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोचली आणि पुढल्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. गाव कल्याणात आणि पोट मुंबईत, अशी एक नवीच माणसांची जात या रुळांवर जन्मली. तिच्या डोक्यावरून शंभर वर्षांत पगडी गेली, पागोटे गेले, काळी टोपी आली, खादीची पांढरी टोपी आली. आणि काही थोड्यांच्या डोक्यावर, काही थोडी वर्षे, फेल्ट हॅट आली.

या बदलाच्या पोटात मोठी अडचण होती. आपल्याकडे उघड्या डोक्याने बाहेर पडणे म्हणजे अशुभ. वडीलधाऱ्यांसमोर जाताना डोके झाकायचे, जोडे काढायचे. साहेबाचे उलटे. त्याच्या घरी जाताना जोडे पायात ठेवायचे आणि हॅट उतरवायची. ज्या गृहस्थाने पहिल्यांदा हॅट घेतली असेल, त्याला उंबरठ्यावर क्षणभर तरी प्रश्न पडला असेल, की आता मान कशाने राखायचा? घालून की काढून?

या हॅटेचे ‘फेडोरा’ हे नाव एका नाटकातून आले. 1882 साली पॅरिसमध्ये सार्दू या नाटककाराचे ‘फेडोरा’ नावाचे नाटक आले आणि त्यात सारा बर्नहार्ट या विख्यात नटीने त्याच नावाच्या राजकन्येचे काम केले. तिच्या डोक्यावरच्या मऊ फेल्टच्या टोपीवर लोक लुब्ध झाले. पुरुषांची म्हणून जगभर मिरवलेली ही टोपी, नाव बाईचे घेऊन आली. गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, 1883 साली, आमच्या कल्याणची आनंदीबाई जोशी डॉक्टरीण होण्यासाठी अमेरिकेला निघाली. जाण्याआधी तिने श्रीरामपूरच्या सभेत सांगितले, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच राहणार. फिलाडेल्फियाच्या थंडीतही तिने लुगडे सोडले नाही. 1886 साली पदवी घेणाऱ्या त्या मुलीने टोपीकरांची विद्या घेतली आणि त्यांची टोपी त्यांच्याकडेच ठेवली.

आता फेल्ट म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. हे कापड विणलेले नसते. आपल्या धनगरांच्या लोकरीचे जेन ज्यांनी पाहिले आहे त्यांना लगेच कळेल. घोंगडी मागावर विणतात, जेन लोकर भिजवून, लाटून, दाबून करतात. केसाच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. साधी हॅट मेंढीच्या लोकरीची, उंची हॅट सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या मऊ केसांची. आधी हॅटेपेक्षा कितीतरी मोठा सैल शंकू करतात, मग गरम पाण्यात घोळवून घोळवून तो आटवतात, आणि शेवटी लाकडी साच्यावर ओढून त्याला डोक्याचा आकार देतात. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावी बोर्सालिनो नावाच्या कारागिराने 1857 साली असा कारखाना घातला, आणि पुढे उंची हॅटेला कित्येक देशांत बोर्सालिनोच म्हणू लागले.

या मऊपणाची किंमत मात्र कोणी तरी मोजीत होता. सशाचे केस चांगले अडकावेत म्हणून त्यांना पाऱ्याचे द्रावण लावीत. त्याची वाफ कारागिरांच्या पोटात जाई. हात कापू लागत, बोलणे अडखळे, स्वभाव चिडका आणि भित्रा होई. अमेरिकेतले डॅनबरी हे हॅटांचे गाव. तिथल्या या दुखण्याला ‘डॅनबरीचा कंप’ असेच नाव पडले होते. तिथे 1941 साली पारा बंद झाला. म्हणून घरात फार जुनी फेल्ट हॅट सापडली तर तिला उगाच हुंगू नये, लहान मुलांना खेळायला देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

आपल्याकडे ही हॅट कोणी घातली? दोन आठवणी माझ्या मनात नेहमी जवळजवळ येतात.

1928 च्या डिसेंबरात लाहोरला साँडर्सचा वध झाला. शहराची नाकेबंदी झाली. पोलीस केस-दाढीवाला शीख तरुण शोधीत होते. अशा वेळी सूटबूट आणि फेल्ट हॅट घातलेला एक साहेब, त्याची पत्नी, कडेवर मूल आणि मागून सामान उचलणारा नोकर, असे कुटुंब स्टेशनात शिरून पहिल्या वर्गाच्या डब्यात बसले. साहेब भगतसिंग, पत्नीच्या वेषात दुर्गाभाभी, आणि नोकर आपल्या खेडचा शिवराम हरी राजगुरू. टोपीकराच्या वेषाला पोलिसांनी अदबीने वाट दिली. पुढे दिल्लीत काढलेले भगतसिंगांचे हॅटमधले छायाचित्र घरोघर लागले. राजगुरू त्या चित्रात नाहीत. हॅटेच्या मागून पेटी घेऊन चालणारा माणूस चित्रात येत नाही. फाशी मात्र 23 मार्च 1931 ला दोघांना एकाच वेळी झाली, सुखदेवांसह.

दुसरी आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. सूट आणि हॅट यांतली त्यांची छायाचित्रे आपण पाहतो. गांधीजींनी 1921 साली मदुरेला अंगरखा-टोपी टाकून पंचा नेसला. त्यांच्या त्यागाचा मान राखूनही एक गोष्ट विसरता येत नाही. टाकायला आधी असावे लागते. ज्यांच्या वाडवडिलांनी नुसते धुतलेले कपडे अंगावर घातले म्हणून गावात मार खाल्ला, त्यांच्या पुढाऱ्याने बॅरिस्टराच्या दिमाखात उभे राहणे हे साहेबाचे अनुकरण नव्हे. त्या हॅटेत पिढ्यांचे देणे वसूल होत होते.

आता आमच्या ट्रंकेतली हॅट. माझे आजोबा मुंबईला एका पेढीत कारकून. युद्ध संपले त्या वर्षी साठवलेल्या महागाईभत्त्यातून त्यांनी ही हॅट घेतली. तेव्हाचे कारकून वस्तू पारखून घेत. आजोबा सांगायचे, की हॅट घ्यायची तर आधी कानाच्या बोटभर वरून डोक्याभोवती फीत फिरवावी. हॅट कपाळावर वळ उठवील इतकी घट्ट नको आणि वाऱ्याने उडेल इतकी सैल नको. काठ किंचित वाकवून सोडावा. चांगले फेल्ट आपोआप जागेवर येते, हलके फेल्ट वळलेलेच राहते. बोटांना ते एकसारखे मऊ लागावे, कुठे पातळ, कुठे जाड नको. आत कातडी पट्टा शिवलेला असावा, चिकटवलेला नसावा. आजकाल आतल्या पट्ट्यावर प्रतीच्या फुल्या छापलेल्या असतात, त्यांवर मी सांगतो, विसंबू नये. प्रत्येक कारखान्याचे फुलीचे माप आपापले असते.

हॅट घेतली खरी, पण घरात पणजोबा होते. ते कोर्टातले जुने कारकून, लाल पगडीवाले. “टोपीकर झालास का?” हा एक प्रश्न ऐकायची आजोबांची छाती नव्हती. म्हणून ते कल्याणला काळी टोपी घालून गाडीत बसत आणि हॅट कापडी पिशवीत नेत. ठाणे आले की डोक्यावर अदलाबदल होई. परतताना ठाण्यालाच हॅट पिशवीत. दोन वर्षे हे नाटक बिनबोभाट चालले. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ठाण्याला त्यांचा डोळा लागला. जाग आली ती कल्याणला, गर्दीच्या रेट्याने ते हॅटसकट फलाटावर उतरले, आणि समोर छत्री घेऊन पणजोबा उभे! पाऊस फार म्हणून मुलाला आणायला आले होते.

घरापर्यंत कोणी बोलले नाही. दारात आल्यावर पणजोबांनी हात पुढे केला. आजोबांनी घाबरून हॅट माथ्याला चिमटीत धरून काढली. पणजोबा म्हणाले, “असे धरतात होय? डोक्यावरची वस्तू ती. दोन्ही हातांनी काठाला धरावी.” मग त्यांनी स्वतः ती पंचाने टिपली, झाडली नाही, पुसली नाही, आतला पट्टा बाहेर उलटला, आणि चुलीपासून लांब, आपली पगडी ठेवायच्या लाकडी ठोकळ्यावर तिला रात्रभर ठेवले. पगडी त्या रात्री फळीवर होती. सकाळी म्हणाले, “अण्णा, ठाण्याला बदलत जाऊ नकोस. वाऱ्याबिऱ्याने उडेल.” इतकेच.

त्यानंतर आजोबा ती कल्याणापासून घालू लागले, पण फार वर्षे नाही. गाड्यांत गर्दी वाढली. दांडीला लोंबकळणाऱ्या माणसाला काठाची टोपी कशी परवडावी? हळूहळू काळ्या टोप्याही गेल्या. आज कल्याण-डोंबिवलीच्या गाडीत सारी डोकी उघडी असतात आणि कोणाला अशुभ वाटत नाही.

राहता राहिला माझा अपराध. दहा वर्षांचा असताना गणपतीच्या मेळ्यात मला इन्स्पेक्टरचे काम मिळाले. न विचारता हॅट नेली, येताना पावसात भिजवली, आणि आजोबांना कळू नये म्हणून गुपचूप शेगडीवर धरून वाळवली. फेल्टला आणि कातड्याला नेमके हेच सोसत नाही. ते आटले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी हॅट डोक्यावर ठेवून पाहिली. ती नुसती वर बसली, खाली उतरेना. मी रडू लागलो. ते मला रागावले नाहीत. किटलीच्या वाफेवर काठ सारखा करीत त्यांनी मला शेजारी बसवले आणि शिकवले: भिजली तर सावलीत वाळवावी, ब्रश केसांच्या वळणाने फिरवावा, टेबलावर उलटी, माथ्यावर ठेवावी, म्हणजे काठ मोडत नाही, खुंटीला टांगू नये, कसर लोकर खाते म्हणून कडुलिंबाचा पाला घालावा, आणि पावसाळा सरला की बुरशीची जागा शोधून झटकावी. “आता ही तुझी,” ते म्हणाले, “डोक्यात बसत नसली तरी.”

हे सारे ऐकून मुलाने हात पुढे केले. वय वर्षे दहा. त्याने हॅट काठाला दोन्ही हातांनी धरून उचलली, डोक्यावर ठेवली आणि आरशासमोर गेला. ती त्याला अगदी बेतशीर बसली. बाहेर कंदील लावायला हाका मारीत होते. तो तसाच, हॅटसकट, अंगणात धावला. आणि मी ट्रंक उघडीच ठेवली.