चोरून केलेले रौप्यमहोत्सव

इतिहास लिहायचा म्हणजे पुरावे लागतात. लढायांचे पुरावे बखरीत सापडतात, जमिनींचे कोर्टाच्या दप्तरात सापडतात, आणि लग्नात कुणी किती आहेर केला याचे पुरावे तर आमच्या घरच्या वहीत तीन पिढ्यांचे सापडतात. पण एका गोष्टीचा पुरावा पांढरपेशा मराठी माणसानं कधी मागे ठेवला नाही. ती गोष्ट म्हणजे त्यानं पाहिलेला दादा कोंडक्यांचा सिनेमा.

आता साधा हिशेब करा. रौप्यमहोत्सव म्हणजे २५ आठवडे, म्हणजे १७५ दिवस. रोजचे तीन खेळ धरले तर एका थिएटरात ५२५ खेळ होतात. दादांच्या ओळीनं नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. नऊ गुणिले ५२५ म्हणजे ४७२५ खेळ. आणि आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींत चौकशी करावी, तर यातला एकही खेळ कुणी पाहिलेला नसे. मग पाहिले कुणी?

"गिरणी कामगारांनी, एस.टी.च्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी, बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी," असं ठरलेलं उत्तर मिळे. ते खरंच आहे. त्यांनी पाहिले, उजळ माथ्यानं पाहिले, शिट्ट्या मारून पाहिले. पण बाल्कनीत कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालून, दिवे गेल्यावर आत शिरणारे आणि 'जनगणमन'ला चेहऱ्यावर रुमाल धरून उभे राहणारे ते कोण होते? त्यांतला एखादा इंटर्व्हलला मुतारीपाशी समोरासमोर आलाच, तर खुलासा तयार असे. कुणाला शेजारच्या थिएटरात इंग्रजी सिनेमाचं तिकीट मिळालेलं नसे. कुणाकडे गावाहून मेहुणा आलेला असे आणि त्याचं मन मोडवत नसे. आमच्या वाडीतले एक निवृत्त हेडमास्तर तर 'ग्रामीण बोलीचा अभ्यास' करीत. 'पांडू हवालदार' पाहून त्यांनी या बोलीचा चार वेळा अभ्यास केला होता.

गंमत अशी, की हेच दादा रंगभूमीवर होते तोवर कुणाला रुमाल लागत नव्हता. नायगावच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस, ज्याचं पाळण्यातलं नाव कृष्णा, सेवादलाच्या कलापथकातून पुढे आला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याचे त्यानं पंधराशेच्या वर प्रयोग केले. त्याला आम्ही सहकुटुंब गेलो, कारण ती लोककला होती. पुढे १९६९ साली भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती'तून त्याला पडद्यावर आणलं. आणि १९७१ साली सबनीसांचीच कथा घेऊन, गोविंद कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली 'सोंगाड्या' आला. तोच माणूस, तोच लेखक, तशीच जीभ. पण तिकिटाचा दर खाली आला आणि शेजारी कोण बसेल याचा भरवसा राहिला नाही. एवढ्यानं लोककलेचा चावटपणा झाला!

'सोंगाड्या' लागला तोही सुखासुखी नाही. दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लावायचा की देव आनंदचा 'तेरे मेरे सपने', यावरून तंटा झाला. शिवसेना मध्ये पडली तेव्हा कुठे 'सोंगाड्या'ची पाटी चढली. पण मला त्या तंट्यापेक्षा त्या सिनेमाची गोष्ट मोठी वाटते. भोळाभाबडा नाम्या. करारी आई. नाम्या दोस्ताबरोबर तमाशाला जातो, तिथल्या कलावतीवर त्याचा जीव जडतो, आणि आईला हे कळताच ती त्याला घराबाहेर काढते. म्हणजे पाहा, पडद्यावर एका माणसाला चोरून तमाशा पाहिल्याची शिक्षा होतेय, आणि बाल्कनीत आपण चोरून तेच पाहतोय! फरक एवढाच, की नाम्याला लपवता येत नव्हतं. त्याच्या हाफ पँटची नाडीसुद्धा गुडघ्यापर्यंत उघड लोंबत होती.

घराबाहेर काढला गेलेला नाम्या हा काही पहिला नव्हे. पेशवाईत सोलापूरच्या भिक्षुकी घराण्यातला राम जोशी तमाशाच्या नादी लागला, तेव्हा थोरल्या भावानं त्यालाही दार दाखवलं होतं. पुढे काय झालं? त्याच्या लावण्या अभ्यासक्रमात गेल्या, १९४७ साली त्याच्यावर 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला, आणि तो घरंदाज मंडळींनी मुलाबाळांसकट पाहिला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' हा तर तमासगिरिणीचीच गोष्ट सांगणारा. तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, आणि कुठे, तर पुण्यात! तेव्हा चावटपणाचा संस्कृतीत समावेश व्हायला काळ जावा लागतो, एवढंच. लोणच्यासारखं आहे ते. आज घातलं तर घसा धरतं, मुरलं की पाहुण्यांना वाढतात.

बरं, दादांचा गुन्हा तरी काय? एका शब्दाचे दोन अर्थ. संस्कृतात याला श्लेष म्हणतात आणि परीक्षेत त्याला दोन मार्क असतात. दादांचं कसब असं, की ते पहिला अर्थ स्वतः बोलत आणि दुसरा तुमच्याकडून काढून घेत. तोंड लहान मुलाचं, पाप ऐकणाऱ्याचं. त्यामुळे सेन्सॉरची मोठी पंचाईत. वाक्य कापायचं तर त्यातला वाईट अर्थ आधी मोठ्यानं सांगायला हवा! आणि म्हणूनच हे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहता येतात. विनोद पाठ असतो, पण तो पूर्ण करायचं काम दर वेळी आपल्याकडेच असतं. कीर्तनकारानं चरण अर्धा सोडावा आणि श्रोत्यांनी उचलावा, तसं.

सगळेच सिनेमे असे मुरले नाहीत. १९८६ साली 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' आला, तोवर सगळं काम नावावरच सोपवलेलं होतं. पोस्टर वाचलं की सिनेमा पाहून झाला. पुढच्या पुढच्या चित्रपटांत बाईला विनोद कमी आणि विनोदाचा मार जास्त, हेही आज खटकतं. पण 'सोंगाड्या'तली उषा चव्हाणची कलावती आठवा, किंवा रत्नमालाबाईंची ती 'आये'. पोरगा एवढा घोडा झाला तरी तिच्यापुढे त्याची बोबडी वळते. तो जिव्हाळा पाहायला माझी परत जायची तयारी आहे, अगदी रुमालाशिवाय.

आता बायकांचं. आम्हा पुरुषांना निदान बाल्कनी होती, मेहुणे होते, ग्रामीण बोली होती. घरच्या बायकांना चोरूनसुद्धा जाता येत नव्हतं. त्यांची सोय केली ती व्हिडिओनं. १९८५ च्या सुमारास आमच्याकडे एका मुंजीनंतर रात्रीपुरता व्हिडिओ भाड्यानं आणला होता. पहिली कॅसेट वडीलधाऱ्यांसाठी, 'संत तुकाराम'. वडीलधारे वैकुंठगमनाच्या आधीच घोरू लागले. मग कुणीतरी हळूच 'पांडू हवालदार' लावला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. एकेक काकू, आत्या, मावशी दारात येऊन टेकली. आणि सगळ्यांच्या आधी, दुसरा अर्थ अजून हवेत असतानाच, आजी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगंबाई! सासूबाई, तुम्हाला कळलं?" काकूनं विचारलं.

"न कळायला काय झालं? मंगळागौर जागवताना आम्ही रात्रभर आरत्याच म्हणत होतो वाटतं?" आजी म्हणाली. आणि थोडं थांबून पुढे म्हणाली, "पण असं पुरुषांच्या घरात मोठ्यानं हसले ते आजच."

सिनेमा संपल्यावर तिनं तो पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. पहाटे आजोबांना जाग आली, तेव्हा "निजा, तुकाराम अजून चाललाय" असं सांगून त्यांना पुन्हा निजवण्यात आलं. मला वाटतं, या सिनेमांवरची सगळ्यात खरी समीक्षा मी त्या रात्री ऐकली.

आता प्रत्येकाच्या खिशात थिएटर आहे. कानात बोंडं घालून लोकलमध्ये माणसं दादांना पाहतात आणि गालातल्या गालात हसतात. रुमालाची गरज संपली. पण शेजारचा काय म्हणेल ही भीती गेली, तशी शेजारच्याच्या हसण्यानं आपल्याला फुटणारं हसूही गेलं.

१४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. त्यानंतर एक चमत्कार झाला. श्रद्धांजलीचे लेख आले, परिसंवाद झाले, आणि जो तो उठून सांगू लागला, "'सोंगाड्या' मी सहा वेळा पाहिलाय." कुणी आठ सांगितलं, कुणी अकरा. आमचे हेडमास्तरसुद्धा अखेर चारावरून नवावर आले. दर वर्षी हा आकडा वाढतोच आहे. त्यामुळे ४७२५ खेळांचा तो जुना हिशेब आता जवळजवळ जुळत आला आहे. थोडी माणसं अजून कमी पडतात. वाचकांपैकी कुणी असल्यास कळवावं. नाव गुप्त ठेवलं जाईल.