माळ्याची कुळकथा

बारामतीत भिगवण रस्त्याला किंवा तांदुळवाडीच्या बाजूला कुठल्याही वन बीएचकेत जा. हॉलमध्ये सोफा, टीव्ही, कोपऱ्यात देव. बाकी घर मोकळं. मग वर्षाचा गहू कुठं आहे? पाहुण्यांच्या गाद्या, बारशाचा पाळणा, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, गावाकडून आणलेलं पितळेचं घंगाळ? विचारलं की घरातली बाई हातातलं काम न थांबवता नजर वर करते. ‘‘माळ्यावर.’’

बिल्डरच्या नकाशात या जागेचं नाव लॉफ्ट. गवंडीही लॉफ्टच म्हणतो. पण सामान ठेवायची वेळ आली की मराठी घरात ते ‘माळ्यावर टाकलं’ जातं. हा शब्द फ्लॅटहून कितीतरी थोराड आहे, आणि त्याचं मूळ रानात आहे.

जोंधळा हुरड्यावर आला की पाखरांच्या धाडी येतात. पीक राखायला रानात चार मेढी रोवायच्या, त्यांवर आडवी लाकडं टाकायची आणि कणसांच्या वरून नजर जाईल एवढ्या उंचीवर बसायची जागा करायची. तो माळा. वर गोफण घेतलेला राखणदार. खाली पडलेल्या चार हात सावलीत पाण्याची घागर, भाकरीचं गाठोडं आणि मेढीला बांधलेल्या झोळीत झोपलेलं पोर. तेवढ्याच जमिनीत दोन जागा झाल्या: वरची माणसाची, खालची सामानाची. पुढं माळा घरात शिरला तेव्हा त्यानं ही वाटणी फक्त उलटी केली. माणूस खाली आला, सामान वर गेलं.

घरात तो कुठं शिरला, हे पावसानं ठरवलं. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो. तिथं छपराला उतार द्यावाच लागतो, आणि उतरत्या छपराच्या पोटात मधोमध आपोआप पोकळी तयार होते. तिथं फळ्या टाकल्या की झाला पोटमाळा. सरपण, बी-बियाणं, इरली, कांदे सगळं तिथं. खालच्या चुलीचा धूर वर चढतो आणि बियाण्याला कीड लागू देत नाही.

पूर्वेला बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथं उताराची गरज नाही, म्हणून घरं धाब्याची. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर चिपा किंवा फळ्या, त्यावर पाल्याचा थर, चिखल आणि शेवटी पाणी मुरू न देणारी पांढरी माती. सोलापूरच्या बाजूनं या छपराला माळवद म्हणतात. नावातच माळा ऐकू येतो. माळवदाच्या पोटात पोकळी नसते, पण त्याची पाठ कामाला येते. तिथं मिरच्या वाळतात, कुरडया पडतात, भुईमुगाच्या शेंगा पसरतात, आणि चैत्र-वैशाखात सगळं घर तिथंच झोपतं. एका घराच्या जागेत दोन घरं, फक्त दुसऱ्याला छप्पर नाही.

मग या सपाट घरात सामान ठेवायचं कुठं? भिंतीत. मातीची भिंत उभी राहायची तर ती दोन-अडीच फूट जाड हवी, आणि एवढ्या जाडीत घरच्या माणसांनी अख्खं कोठार वसवलं. दिव्याला देवळी, तांब्या-पेल्याला कोनाडा, लुगडी-कागदपत्रांना लाकडी दाराचं फडताळ, धान्याला बळद. कपडे-पिशव्यांना खुंटी, दूध-लोण्याला आढ्याला टांगलेलं शिंकं. भिंतीतही मावेना ते जमिनीत गेलं: पेव. जोंधळा पेवात घालून तोंड मातीनं लिंपलं की तो दुष्काळापर्यंत टिकायचा. एखादी गोष्ट अचानक अमाप झाली की आपण तिचं ‘पेव फुटलं’ म्हणतो, ते या पेवामुळं.

घराचं मापही वेगळं होतं. ते चौरस फुटांत कोणी सांगत नसे. घर इतक्या ‘खणां’चं असे. दोन खांबांमधली किंवा तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. लाकूड जेवढं मिळेल तेवढा. हा शब्द मोठा गुणी निघाला. घराचा खण, टेबलाचा खण, चोळीचा खण. आखून दिलेल्या तुकड्यात नेटकं बसवायचं, हा तिन्हींचा धर्म एकच.

याच घरांत जागेइतकीच वेळेचीही काटकसर होती. बाजलं रात्रीचं, सकाळी ते उभं करून भिंतीला टेकवायचं. अंथरुणाची वळकटी व्हायची आणि त्याच जागी जेवणाची पंगत बसायची. मडक्यांची उतरंड करायची: खाली सगळ्यात मोठं, वर वर लहान. दोन वितीच्या बुडात डझनभर मडकी. एकात एक बसणारा स्टीलच्या डब्यांचा सेट हा उतरंडीचाच शहरी नातू.

आणि ज्यांना भिंतच नाही त्यांनी काय केलं? या भागातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात. त्यांचा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो: भांडी, घोंगड्या, पीठ, कोंबड्या, कधी वर बांधलेलं लेकरूही. या फिरत्या बिऱ्हाडाला ते ‘वाडा’ म्हणतात. पुण्याच्या सरदाराचा चौसोपी तोही वाडा, आणि घोड्यावर मावतो तोही. उसाच्या हंगामात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांभोवती तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. जेमतेम उभं राहता येईल अशा कोपीत चूल, पेटी, कोयते, धान्य आणि चार-पाच माणसं. जागेची खरी हुशारी पाहायची तर तिथं पाहावी. पण ती हौसेची नाही, हे विसरू नये.

माळा शहरात गेला तो गिरणी कामगारांबरोबर. मुंबईत १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं चाळी बांधल्या; त्याच बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. घाटावरचा एक गडी तिथं खोली घ्यायचा आणि गावचे चार-आठ जण तिच्यात मावायचे. दिवसपाळी आणि रातपाळी एकाच अंथरुणावर आळीपाळीनं निजायच्या. लग्न होऊन बायको आली की त्याच खोलीत पोटमाळा चढायचा. मुंबईत माळा एवढा रुळला की इमारतीचे मजलेही माळे झाले. ‘दुसऱ्या माळ्यावर राहतो’ हे मुंबईचं मराठी. पुण्याकडं मात्र मजलाच राहिला. तो मूळ अरबी ‘मंजिल’, म्हणजे प्रवासातला मुक्काम, मजल दरमजलमधला. घरावर चढताना एका शहराला रानातलं मचाण आठवलं, दुसऱ्याला प्रवासातला टप्पा.

बारामती-इंदापुरात मात्र जोवर मातीची भिंत उभी होती, तोवर माळ्याची तेवढी निकड नव्हती. ती एका दिवसात गेली नाही. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आला, वालचंदनगर वसलं, आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारा नवा वर्ग इथं दिसू लागला. घर खणांऐवजी खोल्यांत मोजू लागला. पुढं भीमेवर उजनी धरण झालं. १९८० मध्ये ते पुरं झालं आणि काठची गावंच्या गावं उठली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं. मातीच्या भिंतींचं तसं नसतं. कोनाडे-फडताळांसकट त्या पाण्यात विरघळतात. नव्या गावठाणात नवी घरं उठली ती विटा-सिमेंटची.

तिसरा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. ज्या भिंतीनं पिढ्यान्‌पिढ्या सामान सांभाळलं, तिचंच ओझं जिवावर उठलं. जुन्या घराच्या आठवणीनं गहिवरताना ही पहाटही आठवावी. त्यानंतर मातीच्या छपराचं कौतुक कोणी फारसं केलं नाही.

कॉलम-बीमच्या इमारतीत भार सांगाडा घेतो, भिंत नुसता आडोसा. बाहेरची सहा किंवा नऊ इंची, आतली चार इंची. चार इंचांत देवळी बसत नाही, मग फडताळ कुठून बसणार? माझ्या मते फ्लॅटमधल्या माळ्याचं खरं कारण इथं आहे. घर लहान झालं म्हणून तो आला, असं आपण समजतो. पण धाब्याचं घरही काही मोठं नव्हतं. भिंत पातळ झाली. तिच्या पोटात जे मावायचं ते बाहेर पडलं, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा राहावी म्हणून वर गेलं. लॉफ्ट म्हणजे आडवी केलेली जाड भिंत.

तो घडतो तो मोठ्या चतुराईनं. दाराची उंची सात फूट. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून लिंटेल जातं, त्याच पातळीवर बाहेर पावसासाठी छज्जा निघतो आणि आत लॉफ्टची लादी निघते. एकच सेंट्रिंग, एकाच वेळचा माल. बाहेर पाऊस अडतो, आत गाद्या मावतात. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते, आणि लॉफ्टखाली किमान २.२ मीटर मोकळे सोडावे लागतात. वजाबाकी केली तर उरतात ५५ सेंटीमीटर, लादीची जाडी धरून. म्हणजे माळ्याच्या वाट्याला जेमतेम दीड फूट. बिल्डरनं खोली थोडी उंच ठेवली तर दोन-सव्वादोन. संहिता लॉफ्टची उंचीही दीड मीटरच्या पुढं जाऊ देत नाही, नाहीतर आपण तिथं भाडेकरू ठेवले असते.

बंधनात बसवण्याचं हे कसब बारामतीला नवं नाही. बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हाकाठी राहिलेले कवी मोरोपंत १७९४ मध्ये इथंच वारले. त्यांनी रामायणं रचली ती शंभरावर, आणि त्यांतलं एक निरोष्ठ: ओठ मिटून उच्चारायचं अक्षरच वापरायचं नाही. म्हणजे प, फ, ब, भ वर्ज्य आणि ‘म’ही वर्ज्य. ‘राम’ हे नावच न घेता रामायण सांगायचं! ज्या गावानं हे पाहिलं, त्या गावच्या बाईनं दीड फुटात गौरी-गणपतीचं सगळं सामान बसवलं तर नवल नाही.

माळ्याच्या भाऊबंदांचंही असंच झालं. ओटा मूळचा घराबाहेरचा, गप्पा मारायला बसायचा. चूल गेली, गॅस आला, बाई उभ्यानं स्वयंपाक करू लागली आणि ओटा उचलून आत आला. आधी कडप्प्याचा, मग ग्रॅनाइटचा. खाली सिलेंडर आणि ट्रॉल्या. कपाट हा मूळ संस्कृतात दाराचा शब्द. त्याचंच मराठीत कवाड झालं. आज कपाट म्हटलं की दार कोणालाच आठवत नाही, लोखंडी तिजोरीचं कपाट आठवतं. बाजल्याच्या जागी बॉक्सचा पलंग आला. पेव त्याच्या पोटात गेलं. परसातली न्हाणी ड्राय बाल्कनी झाली. माळवद मात्र सोसायटीच्या टेरेसवर गेलं, आणि त्याच्या किल्लीसाठी सेक्रेटरीला फोन करावा लागतो.

जागा मोजायचा सरकारी शब्द आहे चटई क्षेत्र. रेरा कायदा आला तेव्हापासून फ्लॅट याच मापानं विकावा लागतो. शब्द छान आहे: चटई अंथरता येईल तेवढं आपलं घर. पण चटई फक्त जमिनीवर अंथरता येते, आणि आपल्याकडं घर कधीच नुसत्या जमिनीवर मोजलं गेलं नाही. ते भिंतीच्या पोटात होतं, आढ्याला टांगलेलं होतं, छपराच्या पाठीवर वाळत घातलेलं होतं.

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा चटई क्षेत्र विचारून थांबू नका. दारात उभे राहा आणि वर बघा. दाराच्या चौकटीपासून स्लॅबपर्यंत किती उरतं ते टेपनं मोजा. माळा कोणत्या भिंतीला आहे, पलंगाच्या डोक्यावर तर येत नाही ना, ते पाहा. आणि राहायला गेल्यावर जड पितळ वर चढवू नका. घंगाळ खालीच राहू द्या. वर गाद्या ठेवा.