पत्र आणि तिऱ्हाईत

आपले पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती न पडता आपल्याच हाती यावे, असे कोणास वाटत नाही? लखोटा डकवून बंद करण्याची चाल पडली ती याच इच्छेपोटी. परंतु ज्यास अक्षर वाचता येत नाही त्याच्या पत्रात एक तिऱ्हाईत कायमचा ठाण मांडून बसलेला असतो. आपल्या खेड्यांतून फार दिवस मास्तर किंवा पोस्टमन पत्रे वाचून दाखवीत, आणि लेकीने सासरहून काय कळविले हे आईबरोबरच गावासही कळे. पुढे साक्षरतेचा प्रसार होत गेला आणि निरक्षरांच्या पत्रांतील तिऱ्हाईत हळूहळू उठून गेला. अंधांच्या पत्रांतून तो इतक्या सहजासहजी उठला नाही. ई-मेल व समाजमाध्यमे अपंगांस वापरता यावीत म्हणून आज जी खटपट चालली आहे, तिला लोक सामान्यतः सोयीसवलतींचा प्रश्न समजतात. आमच्या मते तो या तिऱ्हाइताचा प्रश्न होय, आणि त्याचा इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने कॅरोलिना फांतोनी या अंध काउंटेससाठी एक लेखनयंत्र बनविले. ते यंत्र आज शिल्लक नाही; परंतु तिने त्यावर छापलेली, १८०८ च्या सुमारापासूनची, काही पत्रे जपून ठेवलेली आहेत. ज्या टंकयंत्राने पुढे जगातील कचेऱ्या भरून गेल्या, त्याच्या पूर्वजांपैकी एकाचा जन्म असा एका अंध स्त्रीस स्वतःचे पत्र स्वतः लिहिता यावे म्हणून झाला. अर्थात कार्य निम्मेच साधले. पत्र लिहिताना तिऱ्हाईत नको होता, पण शाईने लिहिलेले उत्तर आले की त्यास बोलावणे भागच होते.

लुई ब्रेलने पॅरिसच्या अंधशाळेत ठिपक्यांची लिपी सिद्ध करून १८२९ साली प्रसिद्ध केली, हे सर्वश्रुत आहे. त्याचे दुसरे कार्य मात्र फारसे कोणास ठाऊक नाही. ब्रेल लिपीने अंधांस आपसांत पत्रव्यवहार करता येऊ लागला. पण घरच्या डोळस माणसांस ती लिपी वाचता येईना. म्हणून १८३९ मध्ये त्याने रोमन अक्षरांचेच आकार ठिपक्यांनी उठविण्याची पद्धत शोधून काढली. डोळसाने ते पत्र डोळ्यांनी वाचावे, अंधाने बोटांनी वाचावे, पत्र एकच. पुढे दोन वर्षांनी फूको या त्याच्या अंध स्नेह्याने त्या कामासाठी यंत्रही तयार केले. एकच मजकूर ज्याने त्याने आपापल्या इंद्रियाने ग्रहण करावा, हे जे तत्त्व आज नवे म्हणून सांगितले जाते, ते दोन अंधांनी त्या काळीच आचरणात आणले होते.

नवा शोध सर्वांसच पुढे नेतो असे नाही. टपाल आणि तार यांच्या व्यवहारात बहिरा मनुष्य इतरांच्या बरोबरीचा होता. १८७६ साली ग्रॅहम बेलने टेलिफोन काढला आणि ही बरोबरी मोडली. बेलची आई व पत्नी या दोघीही बहिऱ्या असाव्यात, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा! जगाचा व्यवहार तारेवरील बोलण्यातून होऊ लागला, आणि वैद्यास निरोप द्यावयाचा तरी बहिऱ्यास शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागे. ही कोंडी फुटावयास जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर पदार्थविज्ञानवेत्त्याने जुनी टेलिटाइप यंत्रे टेलिफोनच्या तारेस जोडण्याचे साधन सिद्ध केले, आणि बहिरा मनुष्य टेलिफोनवर लेखी बोलू लागला.

पुढे १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक जे विंटन सर्फ, त्यांस स्वतः कमी ऐकू येते, आणि त्यांच्या पत्नी बालपणीच बहिऱ्या झालेल्या. एमसीआय मेल ही १९८३ मध्ये सुरू झालेली व्यापारी ई-मेल सेवा सर्फ यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली. कानाचे काम डोळ्यांवर सोपविणारे हे साधन त्यांस किती जवळचे वाटले असेल, हे सांगावयास नको.

आश्चर्य असे की त्याच साधनाने अंधांचेही दार उघडले. त्या वेळच्या संगणकाच्या पडद्यावर केवळ अक्षरे असत, आणि प्रत्येक अक्षराचा सांकेतिक अंक यंत्राच्या स्मृतीत नोंदलेला असे. तो अंक उचलून कृत्रिम वाणीच्या स्वाधीन केला की यंत्र मजकूर वाचून दाखवी. जिम थॅचर प्रभृतींनी आयबीएम कंपनीत तयार केलेला ‘स्क्रीन रीडर’ १९८६ मध्ये बाहेर पडला. आलेले पत्र वाचणे आणि त्यास उत्तर देणे, ही दोन्ही कामे अंध मनुष्य आता एकांतात करू लागला. तिऱ्हाईत गेला!

पण तो फार दिवस दूर राहिला नाही. पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रे आणि खिडक्या आल्या, अक्षरेही चित्रासारखी रंगविली जाऊ लागली, आणि उचलावयास अंक सापडेना. त्यातून वाट काढण्यात पुन्हा काही वर्षे गेली. ‘जॉज’ या वाचकाची विंडोजसाठी आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. तिची किंमत मात्र सर्वांस झेपणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा वाचक लिहावयास घेतला, आणि तो जगास फुकट मिळाला. दरम्यान १९९९ मध्ये संकेतस्थळांसाठी जे सुगम्यतेचे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतील पहिलाच असा की चित्र व ध्वनी यांच्याबरोबर त्यांचा अर्थ सांगणारा पर्याय द्यावा.

समाजमाध्यमे या नियमांनंतर जन्मास आली, तरी त्यांनी जुनीच चूक केली. ट्विटर २००६ साली निघाले. आपल्या चित्रास वर्णन जोडण्याची सोय त्याने २०१६ मध्ये दिली. त्याच वर्षी फेसबुकने छायाचित्रांचे वर्णन यंत्राकडून करविण्यास आरंभ केला. त्या कामात मॅट किंग हे अंध अभियंता अग्रभागी होते. २०२० मध्ये ट्विटरने ध्वनिसंदेश आणले ते लेखी मजकुराविना, आणि बहिऱ्यांनी ओरड केल्यावर सुगम्यतेसाठी स्वतंत्र मंडळी नेमली. मालकी बदलताच नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मंडळी कामावरून दूर करण्यात आली. जे हक्क म्हणून मिळालेले नसते, ते मर्जी फिरताच जाते.

मराठीची कथा वेगळी नाही. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतात देवनागरीस १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. तरी आम्ही पुढे कित्येक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविणारे टंक वापरीत राहिलो. डोळ्यांस ते सुंदर मराठी दिसे. वाचणाऱ्या यंत्रास ती रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी वाटे. आता युनिकोड सर्वत्र झाले, तो आम्ही मजकुराचे छायाचित्र काढून धाडू लागलो.

या अपराधातून आम्हीही मुक्त नाही. एकदा परीक्षेच्या गुणांची यादी आम्ही छायाचित्र काढून वर्गाच्या व्हॉट्सॲपवर धाडली. वर्गात एक अंध विद्यार्थी होता. आपण नापास झाल्याची वार्ता त्यास शेजारी बसणाऱ्या मित्राच्या तोंडून, चारचौघांत, ऐकावी लागली. तो आम्हांस एवढेच म्हणाला, “सर, आकडे टाइप केले असते तर मी आधी एकट्याने ऐकले असते.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग होय, असा निर्णय दिला. हा निर्णय मोठा खरा. परंतु आम्ही धाडीत असलेले प्रत्येक पत्र काही न्यायालय तपासणार नाही. तेथे मजकूर टाइप करण्याचे चार क्षणांचे कष्ट आम्हीच घेतले पाहिजेत. काउंटेस कॅरोलिनाने दोनशे वर्षांपूर्वी जे मागितले त्याहून अधिक काही आमचा विद्यार्थी मागत नव्हता.