सोन्याच्या मुलखातली सचित्र पाकिटे

पत्र वाचून झाले की पाकीट आपण केरात टाकतो. अशाच एखाद्या जुन्या पाकिटासाठी लिलावात चढाओढ लागते असे कुणी सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धामधुमीत लिहिलेली पत्रे आणि त्यांची पाकिटे जपणाऱ्याला नुसता छांदिष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटर नावाच्या गृहस्थाची लाकूड कापण्याची गिरणी उभी राहत होती. तिच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण चमकताना दिसले. डिसेंबरात खुद्द अध्यक्ष पोक यांनी बातमीला दुजोरा दिला, आणि १८४९ साली माणसांचे लोंढे सुटले. शेतकरी, कारकून, मास्तर, जो तो निघाला. बायकापोरे बहुतेकांची मागेच राहिली. आता त्यांच्यामध्ये दुवा उरला तो पत्राचा.

आणि हे पत्र पोचायचे कसे? बोटीने पनामापर्यंत, तिथली संयोगभूमी होडीतून आणि खेचरांवरून पार करायची, पुढे पुन्हा बोट. तिथली आगगाडी पुरी झाली ती १८५५ साली. अर्ध्या औंसाला ४० सेंट पडत. १ जुलै १८५१ पासून पैसे आगाऊ भरल्यास ६ सेंट झाले. बोट लागली की सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीपुढे ही लांब रांग. काही बहाद्दर तर रांगेत पुढची जागा धरीत आणि तीच विकून पैसे करीत! खाणीवरच्या माणसाला डोंगर उतरून येणे परवडत नसे. त्याच्यासाठी खासगी ‘एक्स्प्रेस’वाले निघाले, वेल्स फार्गो ही कंपनी १८५२ची. सरकारी तिकीट छापलेल्या पाकिटावर ही मंडळी आपलाही छाप उठवीत. म्हणून एकाच पाकिटावर दोन टपालांच्या खुणा सापडतात.

आता चित्रे. आधी आला तो सचित्र पत्रकागद. आपल्या अंतर्देशीय पत्राची आठवण व्हावी असा, बहुधा निळसर, दुहेरी ताव. तोंडाशी चित्र आणि बाकीची पाने मजकुराला. वाळू चाळणारे खाणकरी, खोपटी, जुगाराचे अड्डे, १८५१च्या मे महिन्यात जळालेले सॅन फ्रान्सिस्को, सारे त्यावर आले. ज्याला वर्णन साधत नव्हते त्याने चित्राखाली चार ओळी खरडाव्यात, काम भागले. जेम्स हचिंग्ज या इंग्रज गृहस्थाने १८५३ साली ‘खाणकऱ्यांच्या दहा आज्ञा’ थट्टेने लिहून काढल्या. बायबलातल्या दहा आज्ञांच्या चालीवर. चित्रांसह छापलेल्या त्या कागदाच्या वर्षभरात लाखाच्या आसपास प्रती खपल्या. मातीत हात घालणाऱ्या किती जणांना एवढे सोने मिळाले असेल, देव जाणे! पुढे पाकिटांवरही चित्रे छापली गेली.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. ही चित्रे विकण्यासाठी काढलेली होती. कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांची संख्या १८४८ च्या सुमारास अंदाजे दीड लाख होती. १८७० पर्यंत ती तीस हजारांवर आली. रोगराई, उपासमार आणि सरळ कत्तली ही त्याची कारणे. घरी पाठवायच्या कागदावर ही हकिगत छापून कोण विकणार?

राहिला जपणुकीचा प्रश्न. जुन्या संग्राहकांनी तिकिटे कापून घेतली, व्यापाऱ्यांनी पाकीट एकीकडे आणि पत्र दुसरीकडे विकले. यात नुकसान किती, पाहा. त्या काळच्या अमेरिकेतल्या पुष्कळ टपालशिक्क्यांवर दिवस आणि महिना असे, साल नसे. साल असायचे ते आतल्या पत्रात, मायन्याच्या वर. पत्र गेले की पाकीट १८५२चे की १८५६चे, हे टपालदरावरून आणि कंपनीच्या छापावरून ताडत बसायचे. कोऱ्या करकरीत नमुन्याला काही हौशी लोक भाव जास्त देतात, देवोत बापडे. मला विचाराल तर घडीवर फाटलेला, शाई फुटलेला, ‘पैसे पुढच्या बोटीने धाडतो’ अशा मजकुराचा कागदच आधी उचलावा, आणि पाकिटासकट उचलावा.